कोकणची घरे आणि मराठी कलात्मक चित्रपट

देशातील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान आजवर पाच मराठी चित्रपटांच्या वाट्याला आला. पुरस्कारवर्षे धरली तर क्रम असा लागतो: ‘श्यामची आई’ (१९५३), ‘श्वास’ (२००३), ‘देऊळ’ (२०११, ‘ब्यारी’सोबत विभागून), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६). पहिल्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पुढच्यांना सुवर्णकमळ. या पाचांपैकी ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘कासव’ हे तीन चित्रपट कोकणाशी जोडलेले आहेत. मराठी चित्रपटाची पेढी आधी कोल्हापूर, मग पुणे आणि मुंबई अशी फिरत राहिली. कोकणात ना स्टुडिओ होता, ना भांडवल, ना मोठा प्रेक्षक. तरीही गंभीर मराठी चित्रपट पुन्हा पुन्हा इथे येत राहिला. याला निसर्गसौंदर्य हे उत्तर सहज सुचते आणि ते पुरेसे नाही. समुद्र आणि माड धंदेवाईक चित्रपटांनीही भरपूर दाखवले, पण त्यांतून गाण्यांच्या पलीकडे फारसे काही हाती लागले नाही.

खरे कारण कोकणी घराच्या रचनेत आहे आणि ते पाहायला सावर्डे हे गाव सोयीचे आहे. चिपळूण तालुक्यातील हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. एका बाजूला सह्याद्रीची रांग, दुसऱ्या बाजूला खाड्यांकडे उतरत जाणारा मुलूख. समुद्र जवळ असूनही गावातून दिसत नाही. भातशेती तुकड्यातुकड्यांची, उरलेला भाग जांभ्या दगडाचा कातळ आणि डोंगरउतार. खैराच्या झाडापासून कात काढण्याचा व्यवसाय ही गावाची जुनी ओळख. परिसरातील कातभट्ट्या आणि कारखाने यांचे नाव जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे जास्त, म्हणून या पट्ट्यातील पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, पोलिसांत, घरगड्याच्या कामाला. गावी राहिली ती म्हातारी माणसे, बायका आणि मुले. चाकरमान्याची मनीऑर्डर महिन्याला येई आणि तो स्वतः शिमग्याला नाहीतर गणपतीला. १९८२च्या गिरणी संपाने मनीऑर्डरची ती वाटही आटली.

म्हणजे जिथे एक माणूस कायम गैरहजर आहे असे घर. आजोबा आणि नातू, आई आणि मुलगा, एकटी राहिलेली बाई, अशा दोन-दोन माणसांच्या जोड्या. कलात्मक चित्रपटाला भरगच्च कथानकापेक्षा अशी जोडीच जास्त मानवते. दोन माणसांत न बोललेले बरेच काही असते आणि कॅमेऱ्याला नेमके तेच टिपायचे असते.

मराठी चित्रपटाचा पाया चित्रकारांनी घातला, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. बाबूराव पेंटर यांच्या आडनावाची जागाच त्यांच्या व्यवसायाने घेतली. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच कोल्हापूरच्या रंगशाळेतून पुढे आले. पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळलेली ही मंडळी होती. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात कर्जापायी जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आणणे ही धाडसाची गोष्ट होती. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ अनेक अभ्यासक इथे मानतात. पुढे ‘संत तुकाराम’चा (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तोही मुख्यतः त्यातल्या साध्या, खऱ्याखुऱ्या गावजीवनामुळे.

या दृष्टीने सावर्ड्यात आज असलेले सह्याद्री शिक्षण संस्थेचे कलामहाविद्यालय हा केवळ स्थानिक अभिमानाचा विषय राहत नाही. डोंगरातल्या एका गावात राहून चित्र आणि शिल्प शिकण्याची सोय कोकणात दुर्मीळच. जवळच डेरवण येथे शिवचरित्रातील प्रसंगांची शिल्पसृष्टी आहे, ती पाहायला येणाऱ्यांची रीघ असते. डेरवणची शिल्पे भव्य आणि भावना थेट सांगणारी. कलाशाळेतला विद्यार्थी मात्र छाया-प्रकाश, अवकाश आणि निरीक्षण यांचा अभ्यास करतो. मराठी चित्रपटही याच दोन टोकांच्या मध्ये कायम हेलकावत आला आहे.

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ पहिल्या टोकाला जवळचा. साने गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यात, म्हणजे सावर्ड्याच्या उत्तरेला त्याच जिल्ह्यात. गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि वीस वर्षांनी अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला. वनमाला यांनी आई केली, माधव वझे यांनी श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी हा चित्रपट देशात पहिला आला. आजच्या निकषांनी तो कलात्मक चित्रपट म्हणता येणार नाही. त्यात अश्रू जरा सढळ हाताने वाहतात आणि प्रत्येक प्रसंगामागून बोध हजर होतो. तरीही दोन गोष्टींत तो काळाच्या पुढे होता. एक म्हणजे त्यातली गरिबी नाटकी नाही. कर्जात बुडत चाललेले खोताचे घर, दारिद्र्य झाकण्यासाठी घरातल्या बाईने केलेली धडपड, मानी माणसाचा होत जाणारा पाणउतारा, हे सगळे कोकणातल्या असंख्य घरांनी भोगलेले होते. दुसरी गोष्ट अशी, की नायक मूल आहे आणि जग त्याच्या उंचीवरून दिसते. सत्यजित राय यांचा ‘पाथेर पांचाली’ यानंतर दोन वर्षांनी आला. दोन्ही चित्रपटांत गरीब ब्राह्मणाचे खेड्यातले घर, सोसणारी आई आणि बघणारा मुलगा आहे. राय यांनी मात्र बोध काढून टाकला आणि बघणे तेवढे ठेवले. कलात्मक चित्रपट आणि सद्भावनेचा चित्रपट यांच्यातला फरक समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगी पडते.

बघण्याची ही सवय महाराष्ट्रात पसरायला पुढची दोन दशके लागली. १९६० मध्ये केंद्र सरकारचे चित्रपट वित्त महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात ‘प्रभात’च्या जुन्या जागेत चित्रपट प्रशिक्षण संस्था आली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पी. के. नायर यांनी तिथे जुने चित्रपट जमवले, तर प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा वाचावा हे शिकवले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. परदेशी आणि भारतीय चांगले चित्रपट सभासदांना दाखवायचे, त्यावर चर्चा करायची, लिहायचे, हे काम या मंडळाने निष्ठेने केले. अशा सोसायट्यांतूनच मराठी मध्यमवर्गाला बर्गमन, कुरोसावा, राय आणि ऋत्विक घटक यांची ओळख झाली. सावर्ड्यासारख्या गावातल्या माणसाला मात्र त्यासाठी रात्रीची एसटी पकडून मुंबई गाठावी लागे. चिपळुणात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखे १८६४ पासूनचे ग्रंथालय होते, हौशी रंगभूमी होती, नमन-खेळे आणि जाखडी या लोककला तर वाडीवाडीत होत्या. वाचणे आणि नाटक बघणे इथल्या अंगवळणी होते. चित्रपट गंभीरपणे बघण्याची संस्था मात्र इथे मूळ धरू शकली नाही.

सत्तरच्या दशकात मराठी समांतर चित्रपट रंगभूमीच्या दारातून आत आला. नाटककार विजय तेंडुलकर हे त्याचे केंद्र. सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) पडद्यावर आणले, तेव्हा कॅमेरा गोविंद निहलानी यांच्या हाती होता. पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही नावे त्यात एकत्र आढळतात. जब्बार पटेल यांनी ‘सामना’ (१९७४), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) असे चार वेगवेगळ्या जातकुळीचे चित्रपट दिले. ‘सामना’ बर्लिनच्या स्पर्धेत दाखल झाला. यांतला ‘जैत रे जैत’ हा उत्तर कोकणातला, कर्नाळ्याच्या ठाकरांचा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली ती वस्ती पटेलांनी ना. धों. महानोरांच्या गाण्यांतून आणि स्मिता पाटील, मोहन आगाशे यांच्या देहबोलीतून उभी केली. मराठी चित्रपटात डोंगर हा पहिल्यांदाच पात्र म्हणून वावरला असेल तर तो इथे.

दक्षिण कोकणाच्या वाट्याला या काळात एक विचित्र गोष्ट आली. लेखक सगळे इथले आणि चित्रपट दुसरीकडचे. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणून वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरवलीचे जयवंत दळवी हेही तेव्हाच्या अर्थाने रत्नागिरीकरच. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीवर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, पण हिंदीत आणि तेलुगूत, आणि गोष्ट उचलून नेली आंध्रात. देवाचा संचार, स्त्रीच्या देहावरचा संशय आणि गावाची दहशत हे त्या चित्रपटात नीट उतरले. कोकण तेवढे उतरले नाही. खानोलकरांच्याच ‘चानी’वरचा चित्रपट (१९७७) मात्र कोकणातच झाला. व्ही. शांतारामांनी त्यात रंगांची मुक्त उधळण केली. इंग्रज बापाची, सोनेरी केसांची आणि गावाने वाळीत टाकलेली ही पोर खानोलकरांच्या लेखणीत अंधारातून चालते. शांतारामांनी तिला उजेडात आणून नाचवले आणि गोष्टीतला काळोख हरवला. दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी मुंबईच्या झोपडपट्टीतली. तिच्यावरच्या रवींद्र धर्मराज यांच्या चित्रपटाला १९८१ मध्ये लोकार्नोचा सुवर्ण चित्ता मिळाला आणि स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार. कोकणचा लेखक, पण विषय महानगराच्या तळाचा. खरे पाहिले तर हेही कोकणचेच चित्र होते. गाव सोडून गेलेला माणूस शहरात कुठे आणि कसा राहतो, हे कोकणाइतके जवळून कुणाला माहीत असणार?

ऐंशीच्या दशकात मराठी पडदा विनोदी चित्रपटांनी व्यापला आणि गंभीर चित्रपट जवळजवळ दिसेनासा झाला. त्या पडत्या काळात ज्यांनी वाट सोडली नाही, त्यांत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक, चित्रपटाचे रीतसर शिक्षण नाही. झोपडपट्टीतल्या बायकांवर केलेले संशोधन त्या बायकांपर्यंतच पोहोचत नाही, हे लक्षात आल्यावर त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. ‘बाई’ (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट. सुकथनकर पुण्याच्या संस्थेत शिकलेले. या दोघांनी ‘दोघी’ (१९९५) पासून पंचवीस वर्षे सातत्याने चित्रपट केले. त्यांच्या चित्रपटांत खलनायक जवळजवळ नसतोच. आजार, एकटेपणा, अज्ञान, वय यांच्याशी माणसे झगडतात आणि कुणीतरी शांतपणे शेजारी बसते. कधी कधी हा समजूतदारपणा अति होतो. पात्रे माणसांसारखी न बोलता समुपदेशकासारखी बोलू लागतात. पण सहानुभूतीला शिस्त लावून तिची शैली करणे त्यांना साधले, हे मान्यच करावे लागते.

‘देवराई’ (२००४) मध्ये ही जोडी कोकणात आली. रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. तिथली काटकी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही असा दंडक. देवरहाटी असेही त्यांना म्हणतात. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा बुद्धिमान तरुण या रानाच्या ध्यासात गुंततो आणि हळूहळू स्किझोफ्रेनियाच्या गर्तेत सरकतो. गावाच्या परिभाषेत याला बाहेरची बाधा म्हणतात, शहराच्या परिभाषेत मेंदूचा आजार. चित्रपट डॉक्टरांच्या बाजूने उभा राहतो, पण रानाची हेटाळणी करत नाही. झाडांच्या दाटीतून येणारा मोजका उजेड शेषच्या मनाची स्थिती सांगून जातो आणि तिथे संवादांची गरजच उरत नाही. पाच वर्षांनी आलेला ‘एक कप च्या’ याच दिग्दर्शकांचा आणि याच मुलखातला, पण अगदी वेगळ्या वळणाचा. एसटीच्या गरीब कंडक्टरला विजेचे भलेमोठे बिल येते आणि २००५ चा माहिती अधिकार कायदा हाती धरून तो कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागतो. किशोर कदम यांचा कंडक्टर बावळट नाही आणि वीरही नाही. चहा पाजल्याशिवाय फाइल हलत नाही ही त्याची नित्याची दुनिया आहे, आणि तिच्यातच एक साधा अर्ज काय करू शकतो एवढेच चित्रपट दाखवतो.

२००४ मध्ये ‘श्वास’ आला आणि पन्नास वर्षांनी देशातला पहिला क्रमांक पुन्हा मराठीकडे आला. दिग्दर्शक संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट, माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. भारतातर्फे ऑस्करसाठी तो पाठवला गेला आणि त्या खर्चासाठी शाळेतल्या मुलांनीही पैसे जमवले. कोकणातला आजोबा परशुराम नावाच्या नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतो. (चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे देऊळ आहे, कोकणात याहून ओळखीचे नाव सापडणे कठीण.) मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील आणि शस्त्रक्रियेआधी हे मुलाला सांगायला हवे. गोष्ट एवढीच आहे. तिला कसलाही जोड नाही, उपकथानक नाही, खलनायक नाही.

त्यातला निर्णायक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. शस्त्रक्रिया काही कारणाने पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून गुपचूप निघून जातो. कर्मचारी धावाधाव करतात, डॉक्टर संतापतो. आजोबा मात्र नातवाला शहर दाखवत हिंडतो आहे. बागा, गर्दी, रंग, तमाशे. उद्यापासून जे दिसणार नाही, ते आज डोळे भरून बघून घे, हे तो बोलून दाखवत नाही. नातू हसतो आणि आजोबा त्या हसणाऱ्या चेहऱ्याकडे बघत राहतो. मुलाला काय दिसते ते प्रेक्षक बघतो आणि आजोबाला काय दिसते तेही. अरुण नलावडे यांचा अभिनय इथे डोळ्यांपेक्षा खांद्यांत आहे. ओझे उचलून चालणाऱ्या माणसासारखा तो सबंध चित्रपटभर वावरतो. परशुराम झालेल्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सावंतांनी कोकण मोजके ठेवले. होडी, पाणी, हिरवळ हे आठवणींत येते आणि जाते. त्यामुळे ते प्रत्येक दृश्य मुलाच्या डोळ्यांतून उसने घेतल्यासारखे मौल्यवान होते. ज्या प्रदेशाला बाकीचे चित्रपट फक्त बघण्यासाठी वापरत होते, तिथल्या मुलाची दृष्टीच काढून घ्यायची, हा या गोष्टीतला सर्वांत खोल विचार आहे. डॉक्टरच्या तोंडी थोडे जास्त स्पष्टीकरण आहे आणि वाद्यमेळ काही ठिकाणी अनावश्यक हुंदका देतो, पण या उणिवांनी मूळ धार बोथट होत नाही.

‘श्वास’ने निर्मात्यांना हिंमत दिली. नंतरच्या दहा वर्षांत उमेश कुलकर्णी (‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’), सतीश मनवर (‘गाभ्रीचा पाऊस’), नागराज मंजुळे (‘फँड्री’), चैतन्य ताम्हाणे (‘कोर्ट’) अशी फळी उभी राहिली. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले. या दिग्दर्शकांचा मुलूख प्रामुख्याने घाटावरचा, वऱ्हाडातला किंवा मुंबईचा. सावंत मात्र कोकणातच राहिले. त्यांचा दुसरा चित्रपट ‘नदी वाहते’ (२०१७) तेरा वर्षांनी आला. नदी विकायची की राखायची या वादात अडकलेल्या गावाची ती गोष्ट. पहिल्याइतकी ती एकसंध नाही, पण गावातली माणसे विकासाविषयी खरोखर कशी बोलतात हे तिने टिपले.

२०१४ चा ‘किल्ला’ हा छायालेखकाच्या डोळ्याने लिहिलेला चित्रपट. दिग्दर्शक अविनाश अरुण पुण्याच्या संस्थेतून छायाचित्रण शिकलेले आणि इथे कॅमेराही त्यांचाच. वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत, तिची बदली होते म्हणून मुलगा चिन्मय पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावी येतो. पुन्हा तेच घर, एक माणूस नसलेले. फरक एवढाच, की इथला पाहुणा मुंबईहून गावी येणारा चाकरमानी नाही, तो गावाला परका आहे. किल्ल्यावर पावसात मित्र त्याला सोडून पळतात, आणि दगडी भिंतींच्या आत एकटा पडलेला मुलगा व बाहेर कोसळणारा पाऊस यांतून विश्वासघात म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा कळते. कोकणचा पाऊस मराठी पडद्यावर इतका ओला क्वचितच दिसला. त्याला गाणे नाही, त्यात नायिका भिजत नाही. छपरावरून पाणी ओघळते, कपडे वाळत नाहीत. बर्लिनच्या बालचित्रपट विभागात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला स्फटिक अस्वल दिले, आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांनीच निवडावा हे उचितच झाले.

‘कासव’ची पार्श्वभूमी या जिल्ह्याशी आणखी जवळून जोडलेली आहे. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे संवर्धनाचे काम सुरू केले. घरटे शोधायचे, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवायची, पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडायचे. गावकऱ्यांनी ते आपले मानले आणि पुढे कासव महोत्सवही भरू लागला. भावे-सुकथनकरांच्या चित्रपटात असेच काम करणारा दत्ताभाऊ आहे (मोहन आगाशे). स्वतःच्या मोडलेल्या आयुष्यातून सावरलेली जानकी (इरावती हर्षे) आत्महत्येच्या टोकावर असलेल्या एका अनोळखी तरुणाला (आलोक राजवाडे) घरी आणते. ती त्याला नाव विचारत नाही, उपदेश करत नाही. कासविणीची रीत हीच आहे: अंडी घालते, वाळू ओढते आणि निघून जाते. पिल्लाने आपले आपण समुद्राकडे जायचे असते. सांभाळायचे, पण धरून ठेवायचे नाही, हा विचार दिग्दर्शकांनी पिल्लांच्या त्या काही फुटांच्या वाटचालीतून दाखवला. ‘देवराई’त त्यांना डॉक्टर लागला होता, इथे तो मागे गेला आहे. भावे यांच्या कामातला हा सर्वांत संयत चित्रपट. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा केला, मुद्दाम कृष्णधवल. अत्र्यांच्या चित्रपटाशी तुलना होणारच होती. डहाकेंनी गोष्ट तुरुंगातल्या साने गुरुजींपासून सुरू करून स्वातंत्र्यलढ्याशी जोडली, त्यामुळे आईचे मोठेपण थोडे मागे सरकले आणि काळ पुढे आला. या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बघण्याच्या सोयी दरम्यान बऱ्याच बदलल्या. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तिचे एक स्थानक सावर्ड्याला आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात स्थिरावला. पूर्वी ज्या चित्रपटासाठी रात्रभर प्रवास करून मुंबईला जावे लागे, तो आता मोबाइलवर दिसतो. सावर्ड्याच्या कलाशाळेतल्या मुलाला ‘किल्ला’ची चौकट थांबवून तिची रचना तपासता येते, बाबूराव पेंटरांच्या शागिर्दांना ही चैन नव्हती.

या सगळ्या चित्रपटांचा हिशेब मांडला तर एक उणीव ठळक दिसते. त्यांतले कोकण बहुतेक एकतर किनाऱ्यावरचे आहे किंवा तळकोकणातले. तळकोकणच्या दशावतार या लोकनाट्याला ‘पिकासो’सारखा राष्ट्रीय पुरस्कारात उल्लेख झालेला चित्रपट मिळाला. मालवणी बोली नाटकांमुळे राज्यभर ओळखीची झाली. पण चिपळूण-संगमेश्वरचा आतला पट्टा, तिथली संगमेश्वरी बोली, शिमग्यातले नमन-खेळे आणि जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब, खैर तोडणारे आणि कात उकळणारे मजूर यांना या परंपरेत अजून जागा मिळालेली नाही. दिग्दर्शक समुद्राच्या ओढीने महामार्गावरून पुढे निघून जातात आणि सावर्डे वाटेतच राहते. आपल्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने न बघणारा दिग्दर्शक या पट्ट्यातूनच निघावा लागेल.